उजव्या बाजूची खुर्ची

"इकडे बस, उजव्या बाजूला." जपानमध्ये शिकत असताना सेंदाई शहरातल्या माझ्या घरमालकीणबाई येणाऱ्या प्रत्येकाला आधी एवढंच सांगायच्या. समोरच्याचं बोलणं चांगल्या कानावर पडावं म्हणून त्यांची खुर्ची कायम तिरकी असायची. डावा कान कशानं गेला विचारलं, की म्हणायच्या, "म्हातारपण, दुसरं काय?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं जपानी अडखळत चालायचं. त्या माझं वाक्य संपेपर्यंत थांबायच्या. असं ऐकून घेणारी माणसं तुम्हालाही फार भेटली नसतील.

एकदा विद्यापीठात व्याख्यान होतं: युद्धानंतर देशाचं गुप्तवार्ता खातं कसं उभं राहिलं. ऐकताच त्या म्हणाल्या, "मलाही ने."

वक्ते त्या खात्यातले निवृत्त अधिकारी. पडद्यावर जुना फोटो दाखवून त्यांनी पुढच्या रांगेतल्या एकेका पुरुषाचं नाव सांगितलं. मागे काही मुली होत्या. "आणि या आम्हाला चहा द्यायच्या."

बाई उठल्या. "डावीकडून दुसरी मी. परदेशी रेडिओ ऐकून आम्ही लिहून द्यायचो, ते तुम्ही वाचायचात. चहा तुमचा तुम्हीच करायचात. वाईट व्हायचा."

"आजीबाईंच्या आठवणीत जरा रंग भरलाय," ते वाकून म्हणाले. स्वतः त्यांच्याच वयाचे. सभागृह हसलं. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

बसमध्ये मीच धुसफुसत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आम्ही गप्प राहायचं आणि यांनी व्याख्यानं द्यायची." मग डाव्या कानाला हात लावला. "हेडफोन इथे धरायचा, उजव्या हातानं लिहायचं. खरखरीतून शब्द कळावा म्हणून आवाज वाढवत राहायचं. वर्षानुवर्षं."

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला त्यांचा मुलगा म्हणाला, "आईनं आयुष्यभर फक्त घर सांभाळलं." मी चिडलो. पण त्याच्यावर कसं चिडायचं? त्याला ठाऊकच नव्हतं.

नंतर खोली आवरताना त्यानं ती खुर्ची भिंतीला लावून सरळ केली. मी पुढे झालो, खुर्ची पुन्हा तिरकी केली आणि तिच्या शेजारची जागा त्याला दाखवली.

"इकडे बसा," मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणालो. "उजव्या बाजूला. तुमच्या आईबद्दल सांगायचंय."