एकटीची मोजपट्टी

परळच्या प्रसूतिगृहातील त्या मुलीविषयी आमची ही जे सांगते, ते साफ चूक आहे. ती मुलगी रडली नव्हती. नातीच्या तपासणीसाठी आम्ही दोघे गेलो होतो खरे. पण ही औषधांच्या खिडकीशी उभी होती आणि मी त्या मुलीच्या शेजारी बाकावर होतो.

तिसरा महिना असावा. चपला काढून, पाय पिशवीवर ठेवून ती ऐटीत आवळकाठी चघळत होती. घाबरली होती ती पलीकडे बसलेली तिची सासू. थायरॉईडच्या अहवालात एक आकडा नेहमीच्या मर्यादेहून खाली होता आणि त्यापुढे तारा छापला होता. तेवढ्यावरून सासूबाईंनी घरात कोबी बंद करून गावच्या देवाला गाऱ्हाणे घातले होते.

"बाळाला काही होणार नाही ना?" मी विचारले.

"आजोबा, सुरुवातीच्या महिन्यांत धडधाकट बाईचाही हा आकडा उतरतो म्हणे," ती हसली. "आम्ही आहोत दोघं, मोजपट्टी लावलीय एकटीची!"

तरीही डॉक्टरीणबाई अहवाल वाचत दारात आल्या, तेव्हा तिचे चघळणे थांबले. "अगदी ठीक आहे, गोळीबिळी काही नको," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी तत्काळ गावी फोन लावला. "मी तेव्हाच सांगलंय, काय एक जावचा नाय म्हणान!"

काही होणार नाही असे आधीच सांगितल्याची ही धडधडीत खोटी हकिगत खोडून काढण्यासाठी मी उठलो. मुलीने हसत ओठांवर बोट ठेवले. मी निमूटपणे खाली बसलो. आणि यावर तर आमची ही मुळीच विश्वास ठेवत नाही.