गालाच्या आतला पांढरा डाग

पीएच.डी.ची सगळी वर्षं मी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींसोबत काढली. शरीराच्या लढवय्या पेशी गाठीपर्यंत पोचतात आणि तिथंच थकून बसतात. त्या का थकतात, हा माझा विषय. घाटनांदूरला आमच्या घरी मात्र एवढंच ठाऊक, की पोरगी कॅन्सरची डॉक्टर होणार.

सुट्टीत घरी गेले होते. आई कशावर तरी खदखदून हसली आणि तिच्या गालाच्या आत पांढरा डाग दिसला. मी तिला ओढत उजेडात नेलं.

"तोंड कशाला बघायलीस? बाजारात म्हस घ्यायला आलीस का?"

डाग पुसून जाईना. तिनं विचारलं, "सांग की, काय हाय?" सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पेशी पाहिल्या असतील, पण नुसत्या डोळ्यांनी काय कळणार, कपाळ!

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डागाचा तुकडा काढला. लॅबमध्ये असे तुकडे माझ्याकडे बर्फाच्या डब्यातून येतात, नुसता नंबर लावून. हा माझ्या आईचा होता. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागेना. वाचलेलं सगळं अंगावर येत होतं.

अशात एका सकाळी तंबाखू भाजल्याचा वास आला. आई मोरीपाशी बसून मिश्री लावत होती. दातांना नव्हे, बरोबर त्या डागाच्या जागी, बोटानं दाबून.

"आई, हे काय!"

"औषध हाय की. झोंबायलं तवापसून रोज लावती. दाताची कीड मरती, मग ह्ये न्हाई मरणार?"

मी ओरडले, रडले, डबी हिसकावून मोरीत उपडी केली.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तंबाखू आजपासून बंद आणि वरचेवर तपासणी, असं डॉक्टरांनी बजावलं. परतीच्या वाटेवर मीही तेच तेच सांगत राहिले. आई मान डोलवत होती.

घरी शेजारच्या काकू वाट बघत होत्या. "काय निगालं गं?"

"काईच न्हाई," आई ऐटीत म्हणाली. "येळेवर मिसरी लावली म्हनून वाचले. ही तर लई भ्यालती."

काकूंनी गालावर हात ठेवला. "मला बी हितं झोंबायलंय. चिमूटभर दे बरं."

आई उठली आणि देव्हाऱ्यामागून दुसरी डबी काढली.