होडीत चढण्यापुरतं बळ

माझ्या सासूबाई, पुतळाबाई, नाकावर माशी बसू देत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी अर्नाळ्याहून विरारच्या बाजारात मासळीची पाटी नेली. गिऱ्हाइकाने पापलेट नुसतं दाबून पाहिलं तरी त्याला असं काही सुनवायच्या की तो बिचारा पापलेट तर घ्यायचाच, वर करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, वाटाही घेऊन जायचा. मी तुळिंजची, बिल्डिंगीत वाढलेली. लग्नानंतर पहिलं वर्षभर आईंनी तोंड उघडलं की मी स्वयंपाकघरात पळायचे.

अशी बाई गेल्या गणपतीत मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, आत सळई बसली आणि दिवाळीपर्यंत त्या वॉकर सोडून काठीवर आल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढंही खूप झालं. घरात हिंडाफिरायला ते पुरेसं होतं. पण आईंना घरात हिंडायचं नव्हतं, समोरच्या बेटावर जायचं होतं.

बेटावरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला बाय म्हणायचे. ऐन दिवाळीत बायच्या पोटात गाठ निघाली, तीही नको तिथपर्यंत पसरलेली. बेट सोडून दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. फोनवर बोलावं तर तिला ऐकू येत नसे, आणि व्हिडिओवर आईंचं तोंड दाखवलं की ती मोबाइल कानाला लावायची. म्हणजे जायचं तर होडीनेच. होडी अगदी काठाला लागत नाही. गुडघाभर पाण्यातून जायचं, तिच्या काठावर पाय टाकायचा आणि अंग वर ओढून घ्यायचं. म्हाताऱ्या माणसांना गडी उचलून आत ठेवतात. त्यात कोणाला काही वाटत नाही.

आईंना वाटायचं.

"मना कोनी उचलाचा नाय," त्या म्हणाल्या. "बाय काय म्हनंल? पुतळी मालावानी आली? मी माज्या पायानं जानार."

पोरवयात या दोघी बहिणी डोक्यावर पाटी घेऊन छातीभर पाण्यातून होडी गाठायच्या आणि पुरुषांच्या आधी चढून बसायच्या. त्या तोऱ्यावर दोघींची हयात गेली होती. मला ते समजत होतं, आणि म्हणूनच मी मध्ये पडले. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन मी मोबाइलवर व्यायाम बघून, घरातल्या घरात उतरवलं होतं. त्यामुळे स्वतःला जरा शहाणीच समजत होते. म्हटलं, "आई, जिम नको, डंबेल नको, मी तुम्हाला इथंच तयार करते."

माझे मिस्टर, हितेश, होडीच्या काठाची उंची दोरीने मोजून आले. दोरीला गाठ मारून ती आम्ही मागच्या दाराच्या चौकटीला टांगली. गाठ आईंच्या मांडीपर्यंत येत होती. ती बघून त्यांनी पदर खोचला.

सुरुवात खुर्चीने झाली. हात छातीशी बांधून खुर्चीवर बसायचं आणि कशाला न धरता उठायचं. पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं, चौथ्याला त्या मला शिवी देऊन बसूनच राहिल्या. मग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहणं. अंग वर ओढायला दंडात बळ हवं, म्हणून भिंतीला तळवे लावून छाती पुढे-मागे करणं. शेवटी पडवीची पायरी, पायरीवर पाट, पाटाखाली विटा. मी दोन्ही बाजूंना खुर्च्या लावून पाठीशी उभी राहायचे आणि आठवड्याला एक वीट वाढवायचे. वीस वेळा झालं की आई "एक कोडी" म्हणायच्या आणि घाम पुसायच्या. एखाद्या जिमवाल्याने आमचा तो कारखाना पाहिला असता तर पोट धरून हसला असता. पण संक्रांतीपर्यंत त्यांची काठी कोपऱ्यात पडली होती, हे खरं.

संक्रांतीनंतर बायचा मुलगा धनेश घरी आला. उतरलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "मावशी, चल आता. मी न् हितेश उचलून ठेवतो. पाच मिन्टाचा काम."

आई काही बोलायच्या आत मीच बोलले. "भावजी, पंधरा दिवस थांबा. दोरीच्या गाठीला चारच बोटं राहिलीत. त्या स्वतः चढतील बघा."

आई माझ्याकडे बघून हसल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तशा त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. मी शेफारले.

आठव्या दिवशी धनेशभावजींचा माझ्या मोबाइलवर फोन आला. "वयनी, बाय म्हनते, पुतळीला सांगा, कशी पन ये. उचलून ये, रांगत ये, पन ये."

आई मागच्या पडवीत विटांवर चढत होत्या. दोन बोटं राहिली होती. मी फोनवर "सांगते" म्हणाले आणि सांगितलं नाही. तेव्हा मनाची समजूत अशी घातली की एवढी मेहनत ऐन वेळी वाया जाईल, आठवड्याने काय बिघडतं. आता खरं सांगते. सगळ्या किनाऱ्यासमोर त्या होडीत चढाव्यात आणि माझं नाव घेऊन, दिपिकाने सासूला उभं केलं असं लोकांनी म्हणावं, हे मला हवं होतं.

फोनला पाच दिवस झाले आणि सकाळी सकाळी बाय गेली.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा धनेशभावजी होडी घेऊन उभे होते. हितेशचा दंड धरून आई पाण्यात शिरल्या. त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला, आणि आता त्या पाय उचलतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी पाय उचलला नाही. लहान मूल करतं तसे दोन्ही हात वर केले आणि म्हणाल्या, "उचला."

एका बाजूने मुलाने, दुसऱ्या बाजूने भाच्याने धरलं. मी ओचा सावरून पुढे येईपर्यंत त्या आत बसल्याही होत्या. लुगड्याचा ओला काठ पिळत त्यांनी विचारलं, "येवडाच येळ लागतो?"



बेटावर, बायच्या घरात, तिची सून आईंच्या गळ्यात पडून रडली. रडता रडता बोलून गेली, "मावशी, निरोप धाडलेला गो, कशी पन ये म्हनून. होडी लागली का दाराकडं बघत राहायची." आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. आई बायच्या पायांशी जाऊन बसल्या आणि तिला उचलेपर्यंत त्यांनी ते पाय सोडले नाहीत.

बारावं उरकून आम्ही परत निघालो. हितेश आणि धनेशभावजी उचलायला पुढे झाले, तर आईंनी हातानेच त्यांना बाजूला केलं. पाय काठावर टाकला, दोन्ही हातांनी पकड घेतली आणि अंग वर ओढून त्या आत गेल्या. कोणाचा हात लागला नाही. तीन महिने मी याच क्षणाची वाट बघितली होती. हितेश समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. अर्ध्या वाटेत मला तेवढं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू सांगतलं असतंस तरी मी गेली नसते. माजा सबाव तुला म्हाईत नाय का?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी होकारार्थी मान हलवली. पण हे खरं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. पाण्यात उभी राहून ज्या बाईने दोन हात वर केले, ती पाच दिवस आधीही गेली असती. तिला कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.