राग शिकवणारे सर

आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या सरांइतका थंड माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार होतो. सेनगावच्या जीपमध्ये एकदा एक अगडबंब पाव्हणा सरळ त्यांच्या मांडीवर बसला, तर हे त्यालाच विचारतात, "बसा बसा, तकलीफ तर न्हाई ना?" भाजीवालीनं सडके टमाटे दिले तरी तिचं मन दुखू नये म्हणून गुमान घरी आणणार आणि बायकोची बोलणी खाणार. अशा माणसाचा आवडता विषय काय, तर आक्रमकता! "पोरगं एकटं असलं की गरीब गाय असतं हो," ते स्टाफरूममध्ये आम्हाला, आणि आम्ही पळालो की शिपायाला सांगत. "त्याला टोळी द्या, समोर दुसरी टोळी उभी करा, मग बघा!"

बघायचं काय राहिलं होतं? आर्ट्स आणि सायन्सच्या कबड्डीत खुर्च्या उडून झाल्या होत्या. म्हणून गेल्या साली प्राचार्यांनी बजावलं, "एका जरी पोराचा हात उठला तर कबड्डी कायमची बंद." पोरांची तोंडं उतरली. वर्षातून तेवढीच तर एक मजा. तेव्हा सर पुढं झाले, "जबाबदारी माझी." त्यांनी दोन्ही संघांना आठवडाभर एकत्र मैदानाच्या कामाला जुंपलं. खडे वेचा, पाणी मारा, दुपारी एकमेकांचे डबे खा. "सोबत जेवलेल्या पोराच्या अंगावर कोण जाईल, सांगा!" आणि काय सांगू, सामन्यात पठ्ठे पकड करून वर "लागलं का रे?" विचारत होते.

अगदी शेवटी पंचानं आर्ट्सचा गडी बाद दिला. आणि मैदानात कोण घुसावं? आमचे सर! चष्मा एकीकडं, चप्पल एकीकडं. "डोळे फुटले काय रे तुहे?" म्हणत त्यांनी पंचाची कॉलरच धरली. पोरं हबकली. मग दोन्ही संघ मिळून धावले आणि सरांना अलगद उचलून लिंबाखाली नेऊन बसवलं. प्राचार्यांनाही हसू आवरेना. पोरांचा हात काही उठला नव्हता, त्यामुळे कबड्डी वाचली. सरांनी मात्र सगळ्यांदेखत पंचाची माफी मागितली आणि सामन्याला पुन्हा यायचं नाही अशी शिक्षा स्वतःलाच ठोठावली.

यंदा सामन्याच्या दिवशी ते ग्रंथालयात खिडक्या लावून बसले होते. बाहेर गलका झाला की मान तिकडं वळायची. मला फार वाईट वाटलं. एवढ्यात दोन्ही संघांचे कप्तान आत आले.

"सर, चला. तुमच्याबिगर मजा न्हाई."

"नको रे लेकरांनो. माझा काही भरोसा न्हाई."

"आमी हाव ना," सायन्सचा कप्तान म्हणाला. "तुमी बिनधास्त वरडा. आमी दोघं धरून बसतो."

सरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी दोघांच्या हातात आपला एकेक हात दिला.