पाऊस नसताना चढलेलं पाणी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. डिचोली तालुक्यातली नदीवरची ती केस मात्र अजून डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात चुकलो होतो मी.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. त्या गावाजवळच्या डोहात उन्हाळ्यात लोक पोहायला यायचे. पूर्वी तिथे एक जण बुडाला होता, म्हणून गावकऱ्यांनीच एक व्यवस्था बसवली होती. घाटाच्या चिऱ्यांवर रंगाच्या खुणा मारलेल्या. सकाळी आणि दुपारी तीनला पातळी बघायची, दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचा, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. पाणी चढलं की ओढ वाढते आणि अचानक थंड झालं की पायात गोळा येतो. धोका नसेल तर पांढरं निशाण, असेल तर लाल. हे काम प्राथमिक शाळेतले एक मास्तर बघायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी म्हापशाहून सहलीला आलेला तरुण त्या डोहात बुडून मेला. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "मास्तरान लाल बावटो मागीर लायलो. वही पळयात." म्हणजे तरुण बुडाल्यावर निशाण बदललं, असा आरोप.

वहीत त्या दिवशी तीनची नोंद होती: पाणी वीतभर वर, तापमान चार अंश खाली, लाल निशाण. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पावसाचा थेंब नाही, ऊन रणरणतंय, आणि पाणी चढतं काय, थंड होतं काय! अंगाशी आल्यावर आकडे मागाहून घातलेले, दुसरं काय. वही जप्त केली आणि मास्तरांना चौकशीला बसवलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला असता तर त्यांचं निलंबन ठरलेलं होतं.

"पाणी कशाने चढलं, मास्तर?"

"ठाऊक नाही, साहेब."

"मग लिहिलं कशाला?"

"चढलं म्हणून लिहिलं. निशाण बदलेपर्यंत तो उतरला होता. हाका मारल्या मी."

मला राग आला. इतकी सरळ उत्तरं देणारा माणूस मुरलेला असतो, अशी माझी तेव्हाची समजूत. दोन दिवस त्यांना सकाळी बोलवायचो, ठाण्यातल्या बाकावर बसवायचो आणि संध्याकाळी घरी सोडायचो.

दुसऱ्या दुपारी वैतागून वही मागे चाळत बसलो. गेल्या वर्षी त्याच सुमारास पाणी वीतभर वर, तापमान खाली. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. बनाव रचणारा माणूस दोन वर्षं आधी तयारी करत नाही. हवालदाराला जीप काढायला सांगितली.

घाटावर सिंधुदुर्गातून मजुरीला आलेली एक बाई कपडे धूत होती. "त्यादिशी पाणी एकदम थंड लागला, साहेबानू," ती म्हणाली. "वरच्या बंधाऱ्याचे फळये काढल्यानी असतले. दरवर्साक काढतत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलास खंय?"

बंधाऱ्याची राखण करणारा म्हातारा आढेवेढे न घेता कबूल झाला. चैत्रात एकदा खालच्या फळ्या काढायच्या, वरचं पाणी उतरलं की मासे धरायचे, ही त्या वाडीची पूर्वापार पद्धत. तळाचं थंड पाणी खाली डोहात जातं आणि तिथे माणसं असतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी वेळ जुळवून दाखवली. त्याचा जबाब घेऊन कागद वर पाठवले.

मास्तरांना घरी सोडायला मी स्वतः गेलो. "चुकलो, मास्तर," म्हणालो. वाटलं होतं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "या दोन दिवसांत पाणी कोणी पाहिलं?"

कुणीच नाही. पोलिसांच्या धास्तीने गावात ना कुणी पाणी मोजलं होतं, ना निशाण लावलं होतं, आणि दोन्ही दुपारी लोक डोहात पोहत होते. दैव बरं, म्हणून आणखी कुणी गेलं नाही.

मास्तरांनी 'पाणी नेहमीप्रमाणे' असं लिहिलं असतं, तर मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं असतं. मला कळलं नाही, म्हणून मी ते खोटं ठरवलं. त्यानंतर कुणाचा जबाब पटला नाही की आधी स्वतःला विचारायचो, यातलं तुला कितपत समजतं?

बदली होण्यापूर्वी एकदा त्या घाटावर गेलो, वही उघडून पाहिली. ते दोन दिवस कोरे होते. शेजारी मास्तरांनी कारण लिहिलं होतं: 'वही पोलिसांकडे.'