हातरुमालातलं पिवळं पान

पोलीस ठाण्यातल्या एकोणीस वर्षांत पुष्कळ केसेस डोळ्यांसमोरून गेल्या. बहुतेकांतली माणसं आता मला ओळखूही येणार नाहीत. पण हातरुमालात गुंडाळलेल्या एका पिवळ्या पानावरून जी केस उभी राहिली, ती मनातून जात नाही. तिच्यात एक गोष्ट मी वेळेवर बोलले नाही.

मी अंमलदार नव्हते, हे आधीच सांगते. माझं शिक्षण चौथी. नवरा वारल्यावर दिराच्या ओळखीने मी आखातात आले आणि रास अल खैमाच्या बाजूच्या एका ठाण्यात चहा-सफाईच्या कामाला लागले. बायका आरोपी आल्या की झडतीच्या वेळी मला उभं करत. माझे वडील रत्नागिरीला हवालदार होते, त्यामुळे जबाब, पंचनामा, मुद्देमाल हे शब्द माझ्या घरातलेच. चार-पाच वर्षांत अरबी कानावर पडून येऊ लागली. मग आपल्याकडचा कुणी मजूर पकडून आणला की सरकारी दुभाषा येईपर्यंत साहेब मलाच हाक मारत. मला ते नको वाटायचं. चार पुरुषांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. उन्हाळा होता. सकाळची हजेरी झाली, कोठडीतली माणसं मोजून झाली आणि मी गाहव्याचे, म्हणजे तिकडच्या कॉफीचे, कप विसळत होते. तेवढ्यात शेतीच्या औषधांच्या एका दुकानातून फोन आला. दुकानदार मल्याळी होता. म्हणाला, एक माणूस रोगट पान घेऊन औषध मागायला आलाय आणि ते पान गांजाचं आहे. मी त्याला बसवून ठेवलंय, सरबत दिलंय, लवकर या.

शिपायांनी आणलेला माणूस पन्नाशीचा, कराडकडचा. नाव लिहीत नाही, मी त्याला दादा म्हणायची. अंगावर धुतलेला सदरा, हातात रुमाल, रुमालात पान. शिपाई हसत होते. एक जण म्हणाला, "या हबीबी, झाडांचे डॉक्टर आले!" दादाला अरबी कळत नव्हती. त्याला वाटलं, स्वागत चाललंय. त्याने नमस्कार केला.

साहेबांनी तिथूनच गाडी काढली आणि मलाही बसवलं, कारण दादा मराठीशिवाय धड काही बोलत नव्हता. दादा ज्या बंगल्यात माळीकाम करायचा, तो गावाबाहेर होता. दोन खोल्यांच्या खिडक्यांना आतून चंदेरी कागद लावलेला, छताला मोठे दिवे, एसी चालू आणि ओळीने बादल्यांत कमरेएवढी झाडं. साहेब मोजणी करत होते, शिपाई फोटो काढत होता. दादा मात्र झाडांकडेच बघत होता.

"ताई, हे बगा," तो मला म्हणाला. "खालची जुनी पानं पिवळी पडली तर समजायचं खत कमी पडलंय. ते मी वळखलं, खत दिलं, झाडं सुधारली. पर ह्यो रोग निराळा. शेंड्याची कवळी पानं पिवळी आन शिरा तेवढ्या हिरव्या. ह्यो केवडा. आमच्याकडं भुईमुगावर पडतो, उसावर पडतो. लोह न्हाय मिळत झाडाला."

"मग द्यायचं की," मी म्हटलं.

"मातीत हाय की! पर हितलं पाणी लई खारं, चुनखडीचं. त्या पाण्यात झाडाला ते घेताच येत न्हाय. अन्न म्होरं हाय आन तोंड मिटलेलं. हिराकस मारलं की आठ दिसांत हिरवं हुतंय. तेच मागाय गेलतो दुकानात. हिराकसला हितं काय म्हंत्यात ठावं न्हाय, म्हून पान नेलं."

आपल्याकडे शेतकरी असाच जातो. रोगाचं नाव सांगत बसत नाही, पान खुडतो आणि औषधाच्या दुकानात काउंटरवर ठेवतो. दादाने तेच केलं.

"झाड कसलं ते माहीत नव्हतं?" मी हळूच विचारलं.

"शेट म्हनला, औषधाचं हाय, परदेशात तेल काढत्यात. गांजा मी चिलमीत बगितला बाई, झाड कुटं बगितलंय?"

दुपारी ठाण्यात जबाब सुरू झाला. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना नेमकं उत्तर लागायचं. त्यांना मोडकी, चार शब्दांची हिंदी यायची; तीत ते मला विचारत, मी दादाला, आणि कागदावर अरबीच लागायची म्हणून दादाचं उत्तर मी अरबीत सांगायचं.

"झाडांना पाणी कोण द्यायचं?"

"मी."

"खत?"

"मीच."

"खोलीची चावी कुणाकडे?"

"माझ्याकडं." मग दादा पुढे सरकला. "पर ताई, सायबांना सांगा, पाण्याचा चुना मारायचं आंबट औषध शेटच आनायचा. पाण्यात कागदाची पट्टी बुडवायचा, तिचा रंग बगायचा, आन पट्टीवर आपल्या हातानं आकडा आन तारीख ल्ह्यायचा. मला विंग्रजी आकडं येत न्हाईत, म्हून रंग लक्षात राहावा म्हनून मी समद्या पट्ट्या जपून ठिवल्यात. मजुरांच्या क्यांपात, माझ्या ट्रंकंत."

साहेबांनी मान वर केली. "क्या बोला?"

मी म्हटलं, "चावी त्याच्याकडे होती."

"आणि?"

मी तोंड उघडलं. साहेबांच्या मागे दोन अधिकारी उभे होते, एक जण घड्याळ बघत होता. पट्टीला अरबीत काय म्हणतात ते मला सुचेना. चुकीचं बोलले तर हसतील, असं वाटलं. साहेब म्हणाले, "खलास?" आणि मी मान हलवली. त्यांनी कागद पुढे सरकवला. दादाने अंगठा उमटवला आणि माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. त्याला वाटलं, मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतःहून आला. मुंबईचा, गोड बोलणारा. मलासुद्धा "थँक्यू सिस्टर" म्हणाला. त्याचा जबाब असा की बंगला आपण भाड्याने घेतला खरा, पण माळ्याच्या ताब्यात दिला. वर्षभर आत पाऊल टाकलेलं नाही. माळ्याने आपल्या विश्वासाचा घात केला. त्याच्याविरुद्ध दुसरा कागद नव्हता. त्याला जाऊ दिलं. सरकारी दुभाषा आला, त्याने पहिल्या जबाबातलेच प्रश्न हिंदीत विचारले. दादाने हो किंवा नाही एवढीच उत्तरं दिली. पट्ट्यांचं आपण आधीच सांगितलंय, असं तो धरून चालला होता.

मी रोज ठरवायची, आज सांगते. साहेबांच्या टेबलावर कप ठेवायची आणि ट्रे घेऊन परत यायची. मनाला म्हणायची, दुभाषाने विचारलंच असेल. शिकलेला माणूस आहे, आपण कशाला मध्ये पडा.

नवव्या दिवशी कोठडीत चहा द्यायला गेले, तर दादाने गजातून विचारलं, "ताई, पट्ट्या घावल्या का ट्रंकंत? सायब काय बोललं न्हाईत अजून."

हातातला चहा मी तिथेच खाली ठेवला. मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. पट्टीचा शब्द तेव्हाही आठवला नाही, म्हणून टेबलावरचा कागद घेतला, त्याची बारीक पट्टी फाडली, गाहव्याच्या कपात बुडवली, वर काढली आणि पेनाने तिच्यावर आकडा काढून दाखवला. साहेब आधी चिडले. मग खुर्चीतून उठले.

"ये कब बोला वो?"

"पहले दिन, साहेब."

"अब बोलती हो?"

ट्रंक क्यांपात आहे, एवढंच मी सांगितलं. तासाभरात ट्रंक ठाण्यात आली. दोन सदरे, घरचा फोटो, साबणाची वडी आणि बिस्किटाच्या डब्यात सुतळीने बांधलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर आकडा आणि तारीख. शेवटची पट्टी त्याच महिन्यातली. बंगल्याच्या भाडेकरारावरचं अक्षर शेजारी ठेवलं, तर सात आकडा तसाच, मध्ये आडवी रेघ मारलेला. साहेबांनी शेठच्या नावाने हुकूम काढला आणि विमानतळावर फोन लावला. तिकडून कळलं, शेठ दोन दिवसांपूर्वीच देश सोडून गेलाय.

पट्ट्यांनी एक झालं. दादा मालक नव्हे, नोकर होता, हे कागदावर आलं आणि शिक्षा खाली आली. तरी ती दहा वर्षांची झाली. झाडं त्याच्या ताब्यात सापडली होती आणि शेठ हजर नव्हता. काम सांगणारा हजर असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं साहेबच एकदा म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. माझ्याकडे बघणं मात्र काही दिवस टाळलं.

दादाला मोठ्या तुरुंगात हलवलं त्या सकाळी मी त्याच्याजवळ गेले. हातात बेड्या होत्या. त्याने विचारलं, "घरी पत्र ल्ह्यायला सांगाल का कुनाला? म्हनावं, ठेका लांबलाय. पोरीचं लगीन म्होरल्या साली धरलंय, तिला खरं कळाय नगं."

मी हो म्हटलं. मग म्हटलं, "दादा, पट्ट्यांचं मी पहिल्या दिवशी सांगितलंच नव्हतं. मला भीती वाटली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"नऊ दीस?" तो म्हणाला.

"हो."

"मी तर तुमच्यावर इसंबून हुतो, ताई. आपलं मानूस हाय म्हून निवांत हुतो."

शिपाई म्हणाला, "यल्ला, चल." दादा गाडीत चढला. पत्र मी स्वतः लिहिलं, माझ्या चौथीच्या अक्षरात. ठेका लांबलाय, तब्येत बरी आहे, लग्न थांबवू नका. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही.

ठाण्यात राहून मी एक पाहिलं. आरोपी खोटं बोलतो ते बहुधा उघडं पडतं. खरं बोललेलं मात्र मधल्या माणसाच्या तोंडात अडकून राहू शकतं, आणि त्याला कुठलं कलम लागत नाही. त्यानंतरही मला जबाबाला बोलावत राहिले. माझा आवाज बसायचा तो बसायचाच. पण साहेब "खलास" म्हणाले की मी समोरच्याला विचारायची, "तुझं अजून काही सांगायचं राहिलंय?" तो जे सांगेल ते, शब्द येवो न येवो, सगळं बोलून टाकायची. साहेब वैतागायचे, शिपाई हसायचे. एकदा दोनदा त्यातून एखादा सुटलाही. तो सुटून दारातून बाहेर पडताना मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटायचं, हाही दादासारखाच माझ्या भरवशावर निवांत बसला होता.