लीलाबाईंच्या माशांचं माहेर

लीलाबाई भोई दर बुधवारी आमच्या इस्लामपूरच्या दारात माशांची पाटी उतरवतात. त्यांची एक रीत आहे. मृग लागला की जाळ्यातल्या प्रत्येक माशाच्या पोटावरून अंगठा फिरवायचा, अंड्यांची गाभोळी हाताला लागली की मासा परत वारणा नदीत.

पण दोन-तीन वर्षं पाटीत नुसती चिलापी. बाहेरून येऊन नदीभर माजलेला मासा.

"आपल्या नदीतली खडस नाहीच का हो हल्ली?" मी गेल्या वर्षी विचारलं.

"कुठनं येनार, वैनी? आमीच वाट अडवलीया."

वारणेला मिळणाऱ्या ओढ्यावर त्यांच्या गावाने श्रमदानातून सिमेंटचा बंधारा घातला होता. पुढाकार फौजेतून आलेल्या जोतीराम सुभेदारांचा. विहिरींना पाणी वाढलं, ऊस तरारला. लीलाबाईंनीही दगड वाहिले होते. पण मृगात नदीतले मासे अंडी घालायला याच ओढ्यात चढतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. जन्म नदीवर काढलेल्या लीलाबाईंच्याही नाही. तेच त्यांना डाचत होतं.

त्याच पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा त्या सुभेदारांना बंधाऱ्याखाली घेऊन गेल्या. मासे उड्या मारत होते, भिंतीवर आपटून खाली पडत होते. लीलाबाईंनी एक खडस ओंजळीत धरली.

"सुभेदार, फिरवा अंगठा."

"हे काय? गाभोळी?"

"व्हय. लेक बाळंतपणाला म्हायेरी निघालीया, आन् आपन दारात भिंत घातलीया."

सुभेदार तडकले. "मग बंधारा फोडू? ऊस वाळला तर गाव मला सोडंल व्हय?"

"फोडा म्हनलं का म्या? जिना करा. तुमच्या माडीला हाय की!"

काठावरची माणसं हसली. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी ती खडस स्वतःच्या हातांनी भिंतीपलीकडच्या पाण्यात सोडली.

उन्हाळ्यात त्यांनी कामाला सुरुवात केली. भिंतीच्या माथ्यावर एका कडेला उथळ खाच घेतली, आणि तिथपासून खाली दगडांचा लांब उतार रचला. पाणी जाईल म्हणून ऊसवाले कुरकुरले. सुभेदारांनी त्यांना खाचेची खोली वीत लावून दाखवली. लीलाबाई रोज येऊन दगड हलवायला लावत.

"मधी मधी मोटं दगड ठिवा, आवं. दम खायाला आडोसा नगो व्हय? पोटुशी हाय ती."

"फौजेत एवढ्या ऑर्डरी ऐकल्या न्हाईत!" सुभेदार म्हणायचे, आणि दगड हलवायचे.

यंदा मृग लागला. बुधवारी लीलाबाई आल्या त्या दुपारी, रिकामी पाटी काखेत मारून. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. सकाळपासून सुभेदार नि त्या उतारापाशीच बसले होते म्हणे, कुणी टोपली घेऊन फिरकलं की सुभेदार काठी आपटायचे.

"चढली का?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

"दगडाआड थांबत, थांबत, पार वर!" त्या पायरीवर टेकल्या. "आज मासं न्हाईत, वैनी. समदी म्हायेरला गेल्याती."

मी त्यांना चहा दिला आणि घरच्यांसाठी पिठलं टाकलं.